अठ्ठावीस इंच कंबर

कंपनीत तिला सगळे मिडियम म्हणायचे. चहावाल्यापासून मालकांपर्यंत सगळे. मिडियम आली का, मिडियमला वर पाठवा, मिडियमला सर्दी झालीय म्हणून आज फिटिंग नाही. पहिल्या वर्षी तिला राग यायचा, दुसऱ्या वर्षी हसू यायचं, आणि आता अकराव्या वर्षी कुणी खऱ्या नावानं हाक मारली असती तर तिनं मागं वळूनही पाहिलं नसतं.

काम ऐकायला सोपं होतं. कंपनी बायकांचे तयार कपडे शिवायची आणि नव्या कपड्याचा पहिला नमुना तिच्या अंगावर चढायचा. ती वीतभर उंचीच्या लाकडी ठोकळ्यावर उभी राहायची. मास्टर तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती फिरायचे, इथे चिमटीत धरायचे, तिथे सोडायचे, आणि कपडा तिच्या अंगावर बिनचूक बसला की बाकीचे साइज त्यावरून काढायचे. स्मॉल म्हणजे तीच, सगळीकडून थोडी कातरलेली. डबल एक्सेल म्हणजे तीच, चारी बाजूंनी ताणलेली. जगात बायका नाना तऱ्हेच्या असतात. कुणाचे खांदे रुंद, कुणाचं पोट पुढे, कुणी वरून काडी आणि खालून भरलेली. पण कंपनीच्या लेखी बाई एकच होती, आणि तीच कमी-जास्त करून गावभर पुरवायची होती.

आता अंग म्हणजे काही लोखंडाचा साचा नव्हे. पण करारात लिहिलं होतं, छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस, हिप अडतीस, आणि इकडेतिकडे अर्धा इंच चालेल. दर सोमवारी मास्टर टेप लावून वहीत आकडे लिहायचे. मास्टर साठीचे, सज्जन माणूस. टेप लावताना नजर भिंतीवरच्या घड्याळावर ठेवायचे. तरी तिनं घरी कधी सांगितलं नव्हतं. सून तपासणी खात्यात आहे, एवढंच सासूबाईंना माहीत. नवऱ्याला ठाऊक होतं. तो बस चालवायचा, आणि लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यानं सांगून ठेवलं होतं की आईला या टेपेचं कळलं तर घरात रोज नवा खटला उभा राहील, त्यापेक्षा झाकली मूठ बरी. घर त्याच्या पगारावर उभं होतं हे खरं, पण चालत होतं तिच्या.

त्या अर्ध्या इंचानं तिचं काय काय खाल्लं, ते तिलाच ठाऊक. मूल, हा सीझन जाऊ दे, हिवाळ्याचे नमुने होऊ देत, असं म्हणता म्हणता राहून गेलं. सासूबाई आधी विचारायच्या, मग टोमणे मारायच्या, मग गप्प झाल्या. त्यांचं गप्प होणं तिला टोमण्यांपेक्षा जड गेलं.

चार वर्षांपूर्वीच्या एका सोमवारी टेप एकोणतीसवर थांबली. मास्टरांनी लगेच काही लिहिलं नाही. घड्याळाकडे बघतच म्हणाले, टेप मागून पिळली गेली वाटतं, परत लावतो. तिनं पोट आत ओढलं आणि श्वास वर छातीत कोंडला. अठ्ठावीस. मास्टरांनी लिहून घेतलं. त्यावर दोघं एक अक्षर बोलले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

तेव्हापासून ती फिटिंगला तशीच उभी राहू लागली. मिनिट-दोन मिनिटं नव्हे, दीड-दीड तास. सवयीनं माणसाला काहीही जमतं. वरच्या वर चिमूटभर श्वास घ्यायचा, तेवढ्यात बोलायचं, हसायचं, विचारलं तर छान बसलंय म्हणायचं. बाई, जरा बसून दाखवा, वाकून दाखवा, हात वर करा, असं तिला अकरा वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं. कपडा उभ्या बाईवर बघायचा अशी पद्धतच होती, आणि ती उभी बाई श्वास रोखून उभी होती. चार वर्षं त्या दारातून बाहेर पडलेला प्रत्येक झगा, प्रत्येक पँट पोट आत घेतलेल्या बाईच्या मापाची होती. गावातल्या बायका दुकानाच्या आरशासमोर उभ्या राहून स्वतःच्या पोटाला दोष देत होत्या, आणि खरी गोष्ट फक्त दोघांना माहीत होती.

घरात धाकटी नणंद होती, चाळिशीला आली तरी बेबी. लग्नाच्या भानगडीत ती पडली नव्हती. मोठ्या हॉस्पिटलात नर्स होती, अठरा वर्षं रोगी उचलून उचलून खांदे पैलवानासारखे झालेले, आणि आवाजही तसाच. दोघींचं छान जमायचं. वहिनीला माहेर लांब, त्यामुळे मनातलं काही बोलायचं तर बेबीताईपाशी. एवढी एक गोष्ट सोडून.

तीन महिन्यांपूर्वी हॉस्पिटलनं नर्सेसचा युनिफॉर्म बदलला. जुना ढगळ होता, पुढं बटणं, दोन खोल खिसे. नवा आकाशी, अंगासरशी, पाठीला चेन. बेबीताईनं पिशवी टेबलावर ठेवली आणि पिशवीवरचं कंपनीचं नाव वाचून वहिनीनं हातातलं काम तसंच ठेवलं. हा कपडा तिच्याच अंगावर बेतला होता. चेन लावताना मास्टर दोनदा थांबले होते, आणि दोनदा तिनं पोट आणखी आत नेलं होतं.

पहिल्या दिवशी बेबीताई मिरवत गेली, आमच्या वहिनीच्या कंपनीचा आहे म्हणून. दुसऱ्या दिवसापासून रडकथा सुरू झाली. खिसे होते, पण नुसती वरची पट्टी. आत बोटसुद्धा जाईना. पेन केसांत खोचावं लागलं आणि कात्री मोज्यात. मुंढा इतका आखूड की सलाईनची बाटली टांगायला हात वर केला की काखेत काचायचं आणि अख्खा कपडा वर चढायचा. मोठा साइज मागून घेतला तर गळा खांद्यावरून घसरला, दंड मात्र होते तसेच आवळलेले. पाठीची चेन स्वतःच्या हातानं लागेना, म्हणून पहाटे ड्युटीवर निघताना ती भावाच्या दारावर टकटक करायची आणि वहिनी झोपेतून उठून चेन लावून द्यायची.

"एकटी राहणारी बाई काय करत असेल गं?" बेबीताई एकदा म्हणाली. "चेन ओढायला शेजारीण गृहीत धरूनच शिवतात की काय?"

वहिनीनं तो उसवून सैल करून द्यायचं ठरवलं. कपडा उलटा केला तर आत शिवणीला माया म्हणून जास्तीचं कापड ठेवलंच नव्हतं. सूतभर कापड, ओढलं तर धागे सुटतील. दर कपड्यामागे बोटभर कापड वाचतं म्हणून मालकांनीच ते बंद केलं होतं. ती कपडा सुलटा करून, इस्त्री करून ठेवून आली.

मग बेबीताई त्या मापाच्या बाईला शिव्या घालू लागली. "कुठल्या सटवीच्या अंगावर बेततात देव जाणे. एकदा हाताला लागू दे, आठवडाभर माझ्या वॉर्डात राबवते तिला." सासूबाई खो-खो हसायच्या, आणि वहिनी उगीचच गॅस बारीक-मोठा करत बसायची. शिव्यांचं तिला वाईट वाटत नव्हतं. आपल्या माणसानं दिलेल्या शिव्या, आणि वाजवी दिलेल्या. तिला भीती वाटू लागली ती शिव्या थांबल्यावर.

एक दिवस बेबीताई ताटावरून अर्ध्यात उठली. म्हणाली, वॉर्डातल्या सगळ्यांनाच तो घट्ट होतोय, म्हणजे आपण सगळ्याच सुटलोय. रात्रीचं जेवण बंद झालं, मग सकाळचा नाश्ता. दिवसभर माणसं उचलणारी बाई, जिन्यात चक्कर येऊन बसली. सासूबाई म्हणाल्या, या वयात आता कुणाला दाखवायचंय. एरवी बेबीताईनं आईला सव्वाशेर सुनावलं असतं. त्या दिवशी ती नुसती उठून आत गेली. वहिनीच्या ओठांवर रोज यायचं आणि रोज ती गिळायची. सांगून काय होणार होतं? नोकरी जाईल, घरात खटला होईल, आणि कपडा तसाच राहील. न सांगावं तर ताटातलं अन्न तसंच राहत होतं. इकडे आड, तिकडे विहीर.

बुधवारी दुपारी बेबीताई ड्युटीवरून आली ती थेट बाथरूममध्ये गेली. थोड्या वेळानं आतून दबक्या आवाजात हाक आली.

"वहिनी, आत ये. आईला सांगू नकोस."

चेन अर्ध्यावर अडकली होती. बेबीताईनं वैतागून कपडा डोक्यावरून ओढला होता आणि आता तो वरही जाईना, खालीही येईना. दोन्ही हात वर, कोपरं आत गुंतलेली, तोंडावर आकाशी कापड. उघडं पोट तेवढं दिसत होतं, त्याच्यावर शिवणींचे लाल वळ. वहिनीनं खालून ओढलं, वरून ओढलं. एकदा दोघी मिळून भिंतीवर आदळल्या. "हसू नकोस," आतून आवाज आला. वहिनी हसत नव्हती.

मग ओढणं थांबलं. बेबीताईच्या तोंडापाशी कापड आतबाहेर होत होतं, आणि ती रडतेय हे वहिनीच्या जरा उशिरा लक्षात आलं.

"आज बाटली टांगताना काखेत फाटलं," ती म्हणाली. "सगळ्या वॉर्डासमोर. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, जरा वजनाकडे बघा. मी एकवेळ जेवते, वहिनी. आता अजून काय सोडू?"

"तुझं काहीच चुकलेलं नाही. हा माझ्या मापाचा आहे."

"म्हणजे?"

"मी तपासणी खात्यात नाही. माझ्या अंगावर बेततात सगळं. आणि तेही माझं खरं माप नाही. मी पोट आत ओढून उभी राहते. चार वर्षं झाली."

कापडाची हालचाल थांबली. हे तिला बेबीताईच्या तोंडावर कधी सांगता आलं नसतं. समोर तोंड नव्हतं म्हणून जमलं. आता आत काय चाललंय ते दिसेना, आणि हात अडकलेल्या माणसाला मारताही येत नाही नि जवळही घेता येत नाही. आतून दोन शब्द आले.

"कात्री आण."

वहिनीनं कपडा कुशीपासून काखेपर्यंत सरळ कापून काढला. बेबीताई बाहेर आली, केस विस्कटलेले, तोंड लालबुंद. वहिनी ऐकून घ्यायच्या तयारीनं उभी राहिली. पण बेबीताई तिच्या तोंडाकडे बघतच नव्हती. तिनं पुढं होऊन वहिनीच्या पोटावर हात ठेवला, दुखतं कुठं ते बघताना नर्स ठेवते तसा.

"आत्ता ओढलंयस का?"

"नाही."

"ओढलंयस."

आणि खरंच ओढलेलं होतं. घरात, दार लावून, घरच्या माणसासमोर. ते सोडायचं कसं हे तिला चटकन आठवेना. तिनं दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा पोट हाताखाली सैल झालं तेव्हा तिला रडू फुटलं, आणि कारण विचारलं असतं तर तिला धड सांगता आलं नसतं.

त्याच ओघात तिनं बाकीचंही सांगून टाकलं. हाच युनिफॉर्म आणखी नऊ हॉस्पिटलांना जायचा होता, आणि शेवटचा नमुना उद्याच पास व्हायचा होता. बेबीताई बादलीवर बसून ऐकत होती.

"मी तुला काही सांगणार नाही," ती म्हणाली. "नोकरी तुझी आहे. मी फक्त एवढंच दाखवते की बाटली टांगायला हात कुठवर जातो." तिनं उठून हात पुरा वर नेला, टाचा उचलून. मग अंगावर गाऊन चढवून ती स्वयंपाकघरात गेली, आणि सकाळचं उरलेलं उभ्याउभ्याच जेवली.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना वहिनी सगळ्या बाजूंनी विचार करून बघत होती. वय सदतीस. अकरा वर्षांत तिला एकच काम शिकवलं गेलं होतं, उभं राहणं. शिवण तिला कामापुरतं यायचं, पण मशीनवरच्या मुली तिच्या दुप्पट वेगानं शिवायच्या. नवऱ्याला ती काही बोलली नव्हती. तो नको म्हणाला असता तर तिनं ऐकलं असतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

नमुना खोलीत मालक होते आणि हॉस्पिटलांच्या खरेदी खात्याच्या दोन बायका खुर्च्यांवर. ती ठोकळ्यावर चढली. मास्टरांनी चेन खालून वर घेतली. ती कमरेपाशी आली तेव्हा तिनं श्वास सोडला, पूर्ण, तळापासून. चेन थांबली.

"घे आत," मास्टर कानाशी पुटपुटले.

"नाही घेत, मास्टर. माझं माप हेच आहे." आणि तिनं उजवा हात वर केला, टाचा उचलून, बाटली टांगायला जातो तेवढा. काखेत टर्रकन उसवलं. "नर्सला दिवसातून पन्नास वेळा हात असा न्यावा लागतो," ती खुर्च्यांकडे बघून म्हणाली.

दोघींपैकी एक खाली बघून स्वतःच्या जाकिटाची बाही ओढू लागली. मालकांनी मास्टरांना टेप लावायला सांगितली. मास्टरांनी लावली, आकडा बघितला आणि म्हणाले, तीस. मालक रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी पाहुण्यांना चहाला पाठवलं आणि तिला खाली उतरून बसायला खुर्ची दिली.

"तुम्ही म्हणता ते बरोबर असेलही," ते म्हणाले. "पण पॅटर्न बदलायचा तर नऊ साइजचे कागद नव्यानं कापायचे, कापड वाढणार, तारीख पुढं जाणार. बाई बदलायची तर एकच बदलायची."

तिला काढायचा त्यांचा विचार नव्हता. अकरा वर्षांची ओळख होती. मास्टरांच्या हाताखाली नमुना खोलीत राहा म्हणाले, नमुने चढवायचे-उतरवायचे, चेन, हूक, टाचण्या. पगार अर्थात त्या कामाचा. तिनं हो म्हटलं. हो म्हणताना तिला स्वतःची लाज वाटली, पण म्हटलं.

घरी बेबीताईनं एवढंच विचारलं की हात वर केलास का. केला म्हटल्यावर म्हणाली, मग झालं. झालं काहीच नव्हतं. वहिनीनं नव्या युनिफॉर्मला काखेत कळ्या, म्हणजे जास्तीचे तिकोनी तुकडे, घालून दिल्या, दोन खरे खिसे लावून दिले, आणि बेबीताईचा हात मोकळा वर जाऊ लागला. आठवड्याभरात हेड सिस्टरनं युनिफॉर्ममध्ये फेरफार केला म्हणून तिला लेखी समज दिली आणि कळ्या काढायला लावल्या. त्या वहिनीनंच उसवल्या. बेबीताई समोर बसून जेवत होती. जेवण मात्र तिनं पुन्हा सोडलं नाही.

तिसऱ्या सोमवारी नवी मुलगी आली. बावीस वर्षांची, सडपातळ, सगळ्यांना नमस्कार करणारी. दुपारपर्यंत ती मिडियम झाली आणि ही जुनी मिडियम. कपडे बदलायच्या पडद्याआड पोरीनं हळूच विचारलं, "ताई, पाणी प्यायलं तर माप वाढतं का?" सकाळपासून ती पाणीसुद्धा प्यायली नव्हती. जुनीनं तिला पेला भरून दिला. पोरीनं ओठ ओले केले आणि पेला परत दिला.

खरेदी खात्याच्या बायका पुन्हा येऊन बसल्या. पोरगी ठोकळ्यावर चढली. चेन लावायचं काम आता जुनीचं होतं. तिनं दोन्ही कडा जवळ आणल्या, चेन खालून वर घेतली, आणि ती कमरेपाशी अडली. पाव इंच, फार तर अर्धा. अजून कुणी काही म्हणालं नव्हतं. तेवढ्यात तिच्या बोटांखाली पोरीची पाठ ताठ झाली, कंबर आत गेली, आणि कडा अलगद जुळल्या. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

जुनी तिच्या कानाशी वाकली. "श्वास सोड," ती म्हणाली. "बसत नाही म्हणून सांग त्यांना."

पोरीनं मान वळवली नाही. समोरच्या बायकांकडे बघून ती हसत होती. हसतच, ओठ न हलवता म्हणाली, "ताई, तुम्ही सोडलात म्हणून तर मला बोलावलं."

मालकांनी विचारलं, झालं का. पाठ तशीच ताठ होती, वरच्या वर चिमूटभर श्वास चालला होता. तिनं चेन वरपर्यंत ओढली आणि हूक लावला.